रंकाळ्यातली आगबोट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये आम्ही तिघांनी मिळून वाफेवर चालणारी, मागं पाणचाक असलेली चार फुटी बोट बनवली. दोघं टर्नर आणि एक साखर कारखान्यातून रिटायर झालेले बॉयलर अटेंडंट. रविवारी सकाळी ती रंकाळा तलावात सोडली की फिरायला आलेली माणसं थांबतात आणि दर वेळी तेच तेच विचारतात. एका हातानं स्पिरिटची वात सांभाळत दर वेळी सगळं सांगणं होत नाही, म्हणून एकदाच लिहून ठेवलं आहे. घाईत असाल तर पंचगंगेचा प्रश्न तेवढा वाचा, बाकीचं सवडीनं.

ही बोट मनानं बनवली की अशी खरोखर कुठं आहे?

आहे. अमेरिकेत ओहायो नदीच्या काठी लुईव्हिल नावाचं शहर आहे, तिथली ‘बेल ऑफ लुईव्हिल’. खरी बोट सुमारे १९० फूट लांब, आमची तिच्या ४८ पट लहान.

ती १९१४ साली पिट्सबर्गला जेम्स रीस अँड सन्स यांच्या कारखान्यात बांधली. तेव्हा तिचं नाव ‘आयडलवाइल्ड’. काम अगदी साधं होतं. मिसिसिपी नदीच्या एका काठावर मेम्फिस, दुसऱ्या काठावर वेस्ट मेम्फिस, आणि मधे ही. माणसं, कापूस, लाकूड, धान्य इकडून तिकडं करायचं. म्हणजे आपल्याकडं पूल व्हायच्या आधी माणसं पलीकडं न्यायला गावोगाव ‘तर’ चालायची, तसलंच काम, फक्त वाफेवर. रिकाम्या वेळी सहली, गाणी, नाच.

तीसच्या दशकात ती लुईव्हिलला आली आणि लोकांना बागेत, जत्रेत न्यायला लागली. दुसऱ्या महायुद्धात तिनं तेलाचे बार्ज ढकलले, सैनिकांसाठी तरंगता क्लब म्हणूनही राबली. १९४८ मध्ये नाव बदलून ‘अ‍ॅव्हलॉन’ झालं आणि मग तिचं आयुष्य थेट तमाशाच्या फडासारखं झालं. आज या गावाच्या धक्क्यावर, उद्या त्या. तिकीट काढा, दोन तास फिरा, बँड ऐका, उतरा. मिसिसिपी, मिसूरी, ओहायो, कंबरलँड अशा कितीतरी नद्यांवर ती हिंडली. शेवटी फडांचं होतं तेच झालं. पैसा संपला आणि १९६२ साली सिनसिनाटीत बोट लिलावात निघाली. लुईव्हिल ज्या जेफरसन काउंटीत येतं, त्या काउंटीनं ती ३४,००० डॉलरला घेतली, सध्याचं नाव दिलं, डागडुजी केली आणि १९६३ च्या एप्रिलमध्ये पुन्हा पाण्यात आणली. १९८९ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला. २०१४ मध्ये तिनं शंभरी गाठली, तीही चालत्या इंजिनासह.

आम्ही हीच बोट का निवडली? दिसायला देखण्या बोटी पुष्कळ होत्या. पण ही सगळी कामं करून, हातोहात विकली जाऊन उरली. आमच्या शेडमधला १९६० च्या सुमाराचा लेथ अजून चालतो, त्यामुळं असल्या वस्तूंची आम्हाला जरा जास्तच माया.

आगबोट, स्टीमर, लाँच : फरक काय?

आगबोट म्हणजेच स्टीमर. आग आहे, वाफ आहे, म्हणून आगबोट. जुन्या लोकांनी केलेला हा शब्द फार नेमका आहे, तो टाकून देऊ नये. लाँच म्हणजे लहान बोट, आधी वाफेची होती, पुढं डिझेलची झाली. रंकाळ्यात पायडल मारून फिरवतात त्या बोटींचा यात संबंध नाही. मात्र त्यांतही पाणी मागं लोटायला चाकच असतं.

आगबोट फुल्टननं शोधली ना? शाळेत तसंच होतं.

शाळेत अर्धं सांगतात. रॉबर्ट फुल्टनच्या आधी निदान तिघांनी वाफेवर बोट चालवून दाखवली होती. १७८३ मध्ये फ्रान्सच्या सोन नदीवर मार्की द जूफ्रा याची बोट पंधरा मिनिटं प्रवाहाविरुद्ध गेली. १७८७ मध्ये फिलाडेल्फियाच्या डेलावेअर नदीवर जॉन फिचनं बोट चालवली. १७९० च्या उन्हाळ्यात तर त्यानं तिकीट लावून प्रवासी नेले. १८०३ मध्ये स्कॉटलंडच्या कालव्यात विल्यम सिमिंग्टनच्या ‘शार्लट डंडास’नं दोन भरलेली गलबतं ओढली.

फिचची गोष्ट मनाला लागते. बोट चालत होती, वेळापत्रक होतं, पण माणसं चढेनात. काठानं चांगला रस्ता होता आणि घोडागाडी होती, मग या धुराड्यात कोण बसणार? कर्जात बुडून तो १७९८ मध्ये गेला.

फुल्टननं १७ ऑगस्ट १८०७ रोजी न्यूयॉर्कहून हडसन नदीनं आल्बनीकडं बोट सोडली. दीडशे मैल, ३२ तास. शिडाच्या होडीला त्याच वाटेवर तीन-चार दिवस लागायचे. इंजिन त्यानं स्वतः बनवलं नव्हतं, इंग्लंडमधून बोल्टन अँड वॉट यांच्याकडून आणलं होतं. त्याची हुशारी इंजिनात नव्हती, नदी निवडण्यात होती. हडसन खोल, दोन्ही टोकांना मोठी गावं, आणि काठच्या रस्त्यापेक्षा पाण्यावरून लवकर पोचता येत होतं. शिवाय त्याच्या भागीदाराकडं त्या पाण्यावर आगबोट चालवायची सरकारी मक्तेदारी होती, हेही विसरू नये. ती मक्तेदारी १८२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मोडली आणि मग बोटींचा नुसता सुळसुळाट झाला.

चाक मागं का? पंखा का नाही बसवला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, बहुतेक वेळा उद्यमनगरातल्याच कुणाकडून.

पंखा पूर्ण पाण्याखाली असावा लागतो. म्हणजे बोटीखाली तेवढं पाणी हवं. मिसिसिपीच्या वरच्या भागात, तिच्या उपनद्यांवर उन्हाळ्यात कमरेइतकं पाणी उरायचं. तिथं पंखा गाळात रुतणार, नाहीतर बुडालेल्या झाडावर आपटून तुटणार. पाणचाकाची फळी वरच्या थरातलंच पाणी लोटते. एखादी फळी मोडली तर लाकडाचीच असते, सुतार काठावर बसून दुसरी ठोकतो. आमचीही तशीच मोडली होती. रंकाळ्यातली जलपर्णी चाकात गुंतली, दोन फळ्या गेल्या. आइस्क्रीमच्या काड्या लावून बोट परत आणली.

चाक दोन्ही बाजूंनाही लावत. तशा बोटी वळायला चपळ. पण मग रुंदी वाढते, आणि वाहत आलेले ओंडके थेट चाकावर बसतात. मागं लावलं की पुढचा सांगाडा चाकाला आडोसा देतो.

बोटीचा तळ मात्र खरी करामत. सपाट, उथळ, जवळजवळ काहिलीसारखा, म्हणजे रस आटवायच्या पसरट कढईसारखा. गुळाची काहील ज्यानं पुराच्या पाण्यात तरंगताना बघितली आहे, त्याला वेगळं सांगायला नको. एवढी जड वस्तू, तीन-चार माणसं आत, तरी वीतभर पाण्यातून जाते, कारण तळ पसरट. मिसिसिपीवरचे खलाशी बढाई मारायचे की आमची बोट दवावरसुद्धा चालेल.

पण पसरट आणि लांब तळाला एक दुखणं असतं. पुढं बॉयलरचं वजन, मागं इंजिन आणि चाकाचं वजन, मधला भाग हलका. हळूहळू दोन्ही टोकं खाली बसायला लागतात आणि बोटीला पोक येतं. त्यावर उपाय म्हणून डेकवर उंच खांब उभे करून त्यांच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी सळ्या ताणून बांधत. घराच्या छपराला कैची असते तसंच. सळ्यांना मधे पिळाचे नट असत, पोक वाढलं की आवळायचे. आमच्या बोटीवर दिसणाऱ्या त्या तारा शोभेच्या नाहीत, त्या सोडल्या की बोट खरंच वाकते.

पाणी किती खोल आहे हे खलाशांना कसं कळायचं?

शिसाचं वजन लावलेल्या, खुणांच्या दोरीनं. एक माणूस पुढं उभा राहून दोरी सोडायचा आणि मोजमाप ओरडून वर सुकाण्याला कळवायचा. दोन फॅदम, म्हणजे १२ फूट पाणी असलं की आरोळी यायची, ‘मार्क ट्वेन’. बोट निर्धास्त जाऊ शकते, असा त्याचा अर्थ. तिथल्या एका सुकाण्यानं पुढं लिहायला लागल्यावर तीच आरोळी टोपणनाव म्हणून घेतली, हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल.

आतलं इंजिन कसं चालतं?

बॉयलरमध्ये पाणी उकळतं, वाफ दाबाखाली नळीतून सिलिंडरमध्ये जाते, दट्ट्या ढकलते. मागच्या चाकाच्या बोटीत दोन सिलिंडर असतात, डाव्या आणि उजव्या कडेला, आडवे झोपवलेले. दोघांचे लांब दांडे चाकाच्या आसाच्या दोन टोकांना क्रँकवर, म्हणजे आस फिरवणाऱ्या आखूड हातावर जोडलेले. या दांड्यांना पिटमन म्हणतात, आणि मोठ्या बोटीत ते लाकडाचेसुद्धा असत, लोखंडी पट्ट्या मारून.

मेख इथं आहे. दोन्ही क्रँक एकमेकांशी काटकोनात बसवतात. एका बाजूचा दट्ट्या टोकाला जाऊन थांबला की दुसऱ्या बाजूचा बरोबर मध्यावर असतो आणि चाक पुढं नेतो. पहिल्यांदा आमचा कोन काटकोनात बसला नव्हता. बोट चार वार गेली, थांबली, हातानं चाक ढकललं की परत चार वार. काठावरून एक म्हातारे बाबा म्हणाले, “ह्येला बी किक मारायला लागतीय काय ओ?” दुसऱ्या दिवशी क्रँक काढून परत ब्रेझिंग केलं.

बॉयलर फुटत होते म्हणे?

फुटत होते आणि वाईट फुटत होते. अमेरिकेतल्या पश्चिमेच्या नद्यांवर जास्त दाबाची इंजिनं वापरत, कारण ती हलकी आणि स्वस्त पडत. बोट हलकी ठेवायची तर इंजिन हलकं, इंजिन हलकं तर दाब जास्त. म्हणजे उथळ नदीचं लोढणं फिरून फिरून बॉयलरच्या पत्र्यावर येत होतं. त्यात नदीचं गढूळ पाणी. आत गाळ बसला की पत्रा तापून लाल होतो, आमच्यातल्या बॉयलरवाल्या काकांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

सगळ्यात मोठा अपघात ‘सुलताना’चा. २७ एप्रिल १८६५, मेम्फिसच्या वर, रात्री. यादवी युद्ध संपलं होतं, तुरुंगातून सुटलेले सैनिक घरी निघाले होते. बोटीला परवानगी ३७६ माणसांची, चढली होती दोन हजारांच्या वर. निघण्याआधी एका बॉयलरचा फुगलेला पत्रा नीट बदलायचा सोडून, वेळ वाचवायला त्यावर पातळ ठिगळ मारलं होतं. अकराशेंहून जास्त माणसं गेली. तरीही त्या आठवड्यातल्या वर्तमानपत्रांत तिला फारशी जागा मिळाली नाही, कारण अध्यक्ष लिंकन यांची हत्या होऊन दोनच आठवडे झाले होते.

कायदा त्याआधीच होता. १८५२ मध्ये बॉयलरची दाब-चाचणी आणि इंजिनिअर, सुकाण्यांचे परवाने सक्तीचे झाले होते. तरी ठिगळ लागलंच.

आमच्या बोटीबद्दल : तांब्याचा बॉयलर, चांदीचा झाळ, चालवतो त्याच्या दुप्पट दाबावर थंड पाणी भरून तपासलेला. पहिल्या चाचणीत खालच्या कडेला झाळ सुटला आणि पाण्याची बारीक पिचकारी थेट काकांच्या चष्म्यावर. थंड पाणी होतं म्हणून हसलो. वाफ असती तर हे पान लिहायला कुणी बसलं नसतं. तुमच्या पोरांनी असं काही बनवायचं म्हटलं तर पाण्याच्या चाचणीआधी खाली वात लावू देऊ नका.

नाव बदललं की बोटीला अपशकुन होतो, मग ‘बेल’ दोनदा नाव बदलून टिकली कशी?

खलाशांचा तसा समज आहे खरा. हिची तीन नावं झाली आणि ती शंभरीपार आहे, तेव्हा समजाचं काय ते तुम्हीच ठरवा.

ती कधी बुडाली नाही?

अर्धवट बुडाली. २४ ऑगस्ट १९९७ रोजी धक्क्याला बांधलेली असताना पाणी भरून ती खाली बसू लागली. आधी वाटलं, जुना सांगाडा, गळला असेल. निघालं भलतंच. पूर्वी तिच्यावर काम केलेल्या एकानं मुद्दाम पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला होता. तिला वर काढून दुरुस्त केली आणि पुन्हा चालू केली.

बोटींच्या शर्यती व्हायच्या का?

व्हायच्या, आणि त्यावर पैसाही लागायचा. गाजलेली शर्यत १८७० ची, ‘रॉबर्ट ई. ली’ आणि ‘नॅचेझ’ यांची, न्यू ऑर्लिन्स ते सेंट लुईस. ‘ली’ ३ दिवस १८ तास १४ मिनिटांत पोचली. तिच्या कप्तानानं फर्निचर उतरवलं, माल घेतला नाही, वाटेत जळणाचे तराफे तयार ठेवले. ‘नॅचेझ’वाल्यानं नेहमीसारखा माल आणि प्रवासी घेतले. आम्हाला विचाराल तर दोघं एकाच शर्यतीत नव्हतेच. १९६३ पासून ‘बेल’नंही ‘डेल्टा क्वीन’ या दुसऱ्या आगबोटीशी शर्यती लावल्या, त्या मात्र जत्रेच्या कुस्तीसारख्या, मजेच्या.

आपल्याकडं भारतात कधी आल्या?

लवकर आल्या. १८२३ मध्ये कलकत्त्याला ‘डायना’ नावाची आगबोट पाण्यात पडली आणि पुढच्याच वर्षी ब्रह्मदेशाच्या लढाईत गेली. १८३४ मध्ये ‘लॉर्ड विल्यम बेंटिक’ ही लोखंडी बोट गंगेवर कलकत्ता-अलाहाबाद जाऊ लागली. गंगेवर आणि आसामच्या ब्रह्मपुत्रेवर मग कंपन्याच उभ्या राहिल्या.

मुंबईचं नावही घ्यायला हवं. ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधली आणि २० मार्च १८३० रोजी ती सुएझकडं निघाली. कोळसा इतका भरला होता की प्रवाशांच्या खोल्यासुद्धा भरल्या होत्या.

कोल्हापूरच्या माणसाचा आगबोटीशी संबंध आला असेल का?

आला ना. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये. त्याआधी मुंबईला जायचं तर घाट उतरून कोकणातलं बंदर गाठायचं आणि आगबोट धरायची, ही एक वाट होती. बैलगाडीनं घाट, मग किनाऱ्यावर वाट बघणं, मग पडावातून बोटीपर्यंत, कारण बोट काठाला लागायचीच नाही, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. लाटेवर पडाव वर आला की वरून हात धरून ओढून घेत.

नदीतल्या आगबोटीही महाराष्ट्रात होत्या, त्या कोकणातच. दाभोळहून वाशिष्ठीतून आत चिपळूणच्या गोवळकोट धक्क्यापर्यंत लहान बोटी यायच्या. त्यांचं वेळापत्रक भरती ठरवायची. समुद्रच दिवसातून दोनदा नदीत पाणी भरून द्यायचा म्हणून ते जमलं.

आणि ‘रामदास’ बोटीचं दुःख अजून कोकणातल्या घराघरांत आहे. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, तोंडावर आलेली अमावस्या, सणाला घरी चाललेली माणसं. लाटेनं बोट कलंडली, माणसं एका बाजूला सरकली. सहाशेंहून जास्त गेली.

मग पंचगंगेवर आगबोट का नव्हती?

यासाठीच खरं तर हे पान लिहायला घेतलं.

पहिलं कारण पाणी. राजाराम बंधाऱ्यावरची पट्टी कोल्हापूरकराला पाठ असते : ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आता तीच नदी एप्रिलमध्ये जाऊन बघा. जिथं पूर आला की पुलाखालून नावही जाऊ शकत नाही, तिथंच उन्हाळ्यात पोरं दगडांवरून चालत पलीकडं जातात. पावसाळ्यात बोट बांधून ठेवावी लागणार आणि उन्हाळ्यात ती जमिनीवर बसणार. मधले तीन-चार महिने धंदा करून बॉयलरचं जळण तरी निघेल का?

दुसरं, बंधारे. आपल्या नावानं ओळखला जाणारा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा : दगडी खांब, मधे बरगे, म्हणजे फळ्या घालायच्या, पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी त्या काढायच्या. शेतीला अमृत, बोटीला भिंत. आणि या भागात ऊस बघितला तर कोण म्हणेल की बोट हवी होती, बंधारा नको?

तिसरं कारण कुणी सहसा बोलत नाही, आणि आम्हाला तेच सगळ्यात मोठं वाटतं. नदी उलट्या दिशेला जाते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सह्याद्रीतून येतात, प्रयाग चिखलीला मिळतात, आणि पंचगंगा पूर्वेला नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जाते. तिथून पुढं पाणी निघालं बंगालच्या उपसागराकडं. आपला गूळ जायचा मुंबईकडं, म्हणजे पश्चिमेला, घाटापलीकडं. हडसननं फुल्टनला थेट बाजारात नेऊन सोडलं. पंचगंगेनं बाजाराकडं पाठ केली आहे.

म्हणून आपल्याकडं नाव राहिली, ‘तर’ राहिली आणि पुरात काहील. चुलवाणावरून उतरलेली, रस आटवून काळी झालेली काहील पाण्यात टाकायची आणि पलीकडच्या वस्तीवरची बाळंतीण अलीकडं आणायची. वल्हं नाही, चाक नाही, दोन माणसं दोन्ही कडांना धरून पोहत ढकलणार.

खरी बोट अजून वाफेवरच चालते की आतून डिझेल?

वाफेवरच. शिट्ट्यांचा बाजाही वाफेचाच आहे, त्याला कॅलियोपी म्हणतात. १८५५ मध्ये त्याचं पेटंट निघालं. आवाज मैलभर जातो आणि सुरात असेलच असं नाही. आमच्या बोटीला एकच शिट्टी आहे, तीसुद्धा रंकाळ्यावरची कुत्री उठवते.

आमच्या शाळेत दाखवाल का?

दाखवू. पाण्याची टाकी निदान दहा फूट लांब हवी आणि पोरं दोरीच्या मागं. पैसे घेत नाही, स्पिरिट आणि चहा तुमचा.

रंकाळ्यावर परत कधी?

पाऊस थांबला आणि संध्यामठाच्या बाजूची जलपर्णी हटली की. रविवारी सकाळी साडेसातच्या सुमाराला, वारं पडलेलं असेल तर. बॉयलर तापायला वीस मिनिटं लागतात, तेवढी वाट बघायची तयारी ठेवा. आणि चिमणी पितळेची आहे, चकचकीत दिसते म्हणून हात लावू नका. दर रविवारी कुणीतरी लावतंच.